शोलापूर म्हणणारी जाऊ

जुळे सोलापूर
३ ऑक्टोबर २०२४

चि. आशिष,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते. पुढं लिहिता लिहिता राग आला तर ते राहून जायचे.

लग्न ठरवलंस, चांगलं केलंस. फोनवर मी धड बोलले नाही असं तुला वाटलं असेल. बोलणार कशी? एका बाजूला तुझी आई, दुसऱ्या बाजूला तुझे वडील, मधे फोन. म्हणून पत्र. काल पाकीट आणायला गेले तर पोस्टातला म्हणाला, ताई, इंग्लंडला आता पत्र कोण पाठवतं? मी म्हटलं, ज्याला घरात बोलता येत नाही तो पाठवतो. त्यानं मुकाट्यानं पाकीट काढून दिलं.

क्लेअरला व्हिडिओवर मराठी शिकव म्हणालास. शिकवते. आईला तेवढा धीर नाही आणि वडील व्याकरणच सांगत बसतील, हे तुझं म्हणणं खरं आहे. आपल्या घरात बोलतात तसं बोलायला आलं पाहिजे म्हणालास. येईल. माझ्या हातून तू सोळाचा पाढा शिकलास, मग ती काय अवघड आहे.

आता दुसरी गोष्ट. तू आत्याबाईंना जे सांगितलंस ते मी भाकरी थापता थापता ऐकलं. "आई, तांदळात तिचं नाव क्लेअरच लिहिणार. बदलायचं नाही." मला वाटलं, आता पेटलं घर. आत्याबाई म्हणाल्या, "आजकाल कोण बदलतंय रे नावं." झालं, मिटलं एका वाक्यात.

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. भाकरी करपली.

तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे, मी या घरात आले ती मायाक्का म्हणून. सांगोल्याच्या पुढं आमची मेंढरं, चिंचलीच्या देवीचं नाव माझ्या बापानं हौसेनं ठेवलेलं. आत्याबाई लग्नाच्या दिवशी म्हणाल्या, हे आमच्या देव्हाऱ्यातल्या देवीचं नाव आहे, देवीला हाक मारून भांडी घास असं कसं सांगू, पाप लागेल. म्हणून तुझ्या दादांनी तांदळात अंगठीनं प्रियदर्शनी लिहिलं. खरं कारण मला वर्षभरानं कळलं. त्या पाहुण्यांत म्हणाल्या, "मास्तराच्या घरात मायाक्का शोभत नव्हतं बाई." रोज सकाळी देव्हाऱ्यापुढं त्या म्हणतात, "मायाक्का, सांभाळ गं आई." पहिली कितीतरी वर्षं मी कढईपुढून 'ओ' द्यायला तोंड उघडायची. आता उघडत नाही, त्याचं जास्त वाईट वाटतं.

तुझ्याकडं एकच मागणं आहे. लग्नाच्या पत्रिकेत घरच्यांची नावं छापतील. तिथं माझं नाव 'सौ. मायाक्का धनाजी बंडगर' असं छापायला सांग. तुझा शब्द या घरात कुणी मोडत नाही, हे आता मी कानानं ऐकलंय. बायकोचं नाव वाचवलंस, वहिनीचं परत आणायला तुला एक वाक्य लागेल.

तुझी,
वहिनी


२७ ऑक्टोबर २०२४

चि. आशिष,

हात भाजणीचे आहेत, कागदाला डाग पडला तर चालवून घे.

शिकवणी जोरात आहे. तुझी क्लेअर कष्टाळू आहे, दिलेलं पाठ करते, चुकली की स्वतःच हसते. तिच्यात खोट काढायला बसले तर सापडत नाही, हाच त्रास आहे. राजनंदिनी फोन धरून बसते. माझी पोरगी, पण तिच्या शाळेतलं सगळं आता आधी काकूला सांगते, मग मला.

पहिल्याच दिवशी क्लेअर म्हणाली, "शोलापूर." मी म्हटलं, शो नाही, सो. ती म्हणाली, "शो." तेवढ्यात तुझे वडील खुर्ची ओढून पुढं आले. मामंजी रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी भूगोलाचा तास मिळाला की सोडत नाहीत. म्हणाले, "तिचं चूक नाही. इंग्रजांच्या जुन्या नकाशात शोलापूरच आहे. पुण्याचं पूना, ठाण्याचं थाना, शीवचं सायन. त्यांच्या जिभेला जमलं तसं त्यांनी लिहिलं." आणि कौतुकानं टाळी वाजवली. आत्याबाईंनी वाजवली म्हणून राजूनं वाजवली. आता घरात सगळ्यांना तो खेळ झालाय. तुझे दादा ऑफिसातून फोन करतात तेव्हा म्हणतात, "शोलापूरला पाणी आलं का?" टेंभुर्णीचं तिनं 'टेंबुनी' केलं, त्यालाही टाळ्या. वळसंग म्हणताना तिची जीभ टाळूला कुठं लावायची ते सापडेना, तर मामंजींनी आरसा आणायला लावला. माझ्यासाठी या घरात कुणी आरसा आणला नव्हता.

मग तिनं तिचं गाव लिहून दाखवलं. मी वाचलं, "वॉरसेस्टर." जी अक्षरं होती ती सगळी म्हटली, एकही खाल्लं नाही. सगळे हसले. राजू हसली. फोनच्या कोपऱ्यात तू होतास, तूही हसलास, मी बघितलं. मामंजी म्हणाले, "अगं प्रियदर्शनी, वूस्टर. मधली गिळायची असतात." म्हणजे अर्धं गाव त्यांनी गिळलं तर तो उच्चार, आणि मी सगळं म्हटलं तर अडाणी. त्यांना आपलं गाव म्हणता आलं नाही तर नकाशा बदलतो. आपल्याला त्यांचं म्हणता आलं नाही तर आपण दहावी नापास. लोक म्हणतात, आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. या घरात ती म्हण उलटी लागू आहे.

तुला आठवत नसेल, मी नवी होते तेव्हा 'हाय', 'न्हाय' बोलायची. आमच्याकडं दुसरं कोण काय बोलतं. आत्याबाई रागावल्या नाहीत कधी. 'हाय' म्हटलं की त्यांना ऐकूच यायचं नाही. "आत्याबाई, चहा तयार हाय." गप्प. परत म्हटलं, गप्प. "चहा तयार आहे," म्हटलं की उठायच्या. त्या चहाच्या किती कपांवर साय आली असेल. असं करून करून माझी जीभ सरळ झाली. आता हे पत्र बघ, एक 'हाय' सापडतोय का.

पण काळजी करू नकोस. तुझ्या बायकोला मी एकदम पक्कं शिकवतेय. सासूशी पहिल्या दिवशी काय बोलायचं ते तर घोटून घेतलंय. घरातल्या कुणाला आधी ऐकवायचं नाही, आईंना सरप्राइज द्यायचं, असंही सांगून ठेवलंय. राजूलाही तेवढ्यापुरतं खाली दळण आणायला पाठवते.

पत्रिकेचं तू काही कळवलं नाहीस. विसरला असशील.

तुझी,
वहिनी


८ डिसेंबर २०२४

आशिष,

पत्रिका छापून आली. सुरेख आहे. सोनेरी अक्षरं, वर मायाक्कादेवी प्रसन्न. तिचं नाव छापलं, तिला पाप लागत नाही.

क्लेअरच्या आईवडिलांच्या नावांचं प्रूफ मामंजींनी तुला फोन करून करून तपासून घेतलं. वॉरसेस्टर नको, वूस्टर पाहिजे, ऊ दीर्घ पाहिजे. छापखान्यात स्वतः जाऊन बसले, भर दुपारी, गुडघा दुखत असताना. क्लेअरच्या गावाचा ऊ ऱ्हस्व झाला असता तर सोयरे काय म्हणाले असते.

आणि खाली 'सौ. प्रियदर्शनी धनाजी बंडगर.'

मी तुझ्या दादांना विचारलं, आशिष काही बोलला होता का? ते म्हणाले, हो, म्हणत होता, वहिनीचं काहीतरी खूळ आहे, पण आता पत्रिकेत नवीन नाव टाकलं तर लोक विचारतील ही कोण.

नवीन नाव म्हणालास तू. अरे, ते माझ्या अंगावर जन्मापासून आहे. आधार कार्डावर नाही, रेशन कार्डावर नाही, म्हणून ते नवीन झालं व्हय? बघ, राग आला की जुनं बाहेर येतं. खोडत नाही, राहू दे.

शीवला आता आपलीच माणसं सायन म्हणतात. कंडक्टर शीव म्हणाला तर खालचा उतारू विचारतो, हे कुठं आलं. मला तसंच झालंय. प्रियदर्शनी म्हटलं की मान वळते, आणि मायाक्का म्हणालं कुणी तर तू विचारतोस ही कोण.

क्लेअरला मी काल विचारलं, तुझं नाव बदललं असतं तर? ती म्हणाली, "मी आशिषला न्हाय म्हणाले असते." किती सोपं बोलते ती. तिला 'न्हाय' म्हणता येतं. तिच्या गावात ते शिकवत असतील. मला त्या वयात कुणी विचारलंच नव्हतं, मग न्हाय कुणाला म्हणणार.

तिच्यावर माझा राग नाही असं लिहिणार होते. आहे. ती चांगली आहे म्हणून जास्त आहे.

वहिनी


२४ जानेवारी २०२५

आशिष,

तुझी बायको सुखरूप पोचली. तू लग्नाच्या तोंडावर येशील तोवर ती माझ्याच खोलीत झोपणार आहे, तुझे दादा हॉलमध्ये. तुला फोनवर सगळ्यांनी सांगितलं असेल ती कशी बोलली. आता माझ्याकडून ऐक.

दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. क्लेअर वाकून आत्याबाईंच्या पाया पडली आणि पाठ केलेलं म्हणाली, "आत्याबाई, मी लई दमले. प्यायला पानी कुटं हाय? तुमी बऱ्या हाय न्हवं?"

ते मी शिकवलेलं. मुद्दाम. आमच्या रानातलं, मेंढरांमागचं, जे माझ्या तोंडातून खरवडून काढलं ते सगळं मी तिच्या तोंडात घातलं. मला बघायचं होतं, आत्याबाईंना आता ऐकू येतं का. गोऱ्या सुनेला तहान लागली आणि त्या बहिऱ्या झाल्या, एवढं एकदा डोळ्यानं बघायचं होतं. महिनेच्या महिने मी त्या एका क्षणावर जगले, असं म्हटलंस तरी चालेल.

आत्याबाई धावल्या. स्वतः धावल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. तांब्या भरून आणला आणि तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "किती गोड बोलते गं माझी बाय. अगदी आपल्या मातीतलं." शेजारच्या वैदेहीकाकूंना हाक मारून बोलावलं, "हिला ऐका." क्लेअरनं परत म्हणून दाखवलं. मामंजींनी तर भाषणच केलं. बोली हीच खरी भाषा, प्रमाण भाषा ही शहरी लोकांची सोय, वगैरे. माझ्या वेळी हे भाषण कुठल्या कपाटात होतं?

मी आत गेले आणि शेंगाचटणी कुटायला घेतली. घरात दोन बरण्या भरलेल्या होत्या. तरी कुटली.

बाहेर क्लेअर सगळ्यांना सांगत होती, "वैनीनं शिकवलं. सगळं वैनीनं." माझी स्तुती चालली होती आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

थोड्या वेळानं आत्याबाई आत आल्या. दार लोटलं. म्हणाल्या, "मला कळत न्हाय असं वाटलं व्हय तुला?" आशिष, त्या 'न्हाय' म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. माझा बत्ता थांबला.

मी म्हटलं, "तिचं गोड लागलं. माझं का नाही लागलं?"

त्या म्हणाल्या, "ती चार दिवसांची पाहुणी. ती कशीबी बोलली तर लोक तिला हसत न्हाईत, तिचं कौतुक करत्यात. तुला हितं राहायचं व्हतं. मी आले तवा मला हसले व्हते सगळे. मास्तरांच्या शाळेतल्या बायका माझ्यापुढं माझीच नक्कल करायच्या. तुला हसू नये म्हणून केलं."

खरं असेल. त्यांचे डोळे खरे होते. पण घरची म्हणून जीभ कापायची आणि परकी म्हणून कुरवाळायची, ही माया मला समजत नाही. मी तसं म्हटलं. त्यांनी चटणीची चिमूट तोंडात टाकली, मीठ जास्त झालंय म्हणाल्या आणि गेल्या.

हे सगळं तुला का कळवते? कारण तू येशील तेव्हा हसत म्हणशील, वहिनी, काय मस्त शिकवलंस. म्हणू नकोस. मी ते प्रेमानं केलेलं नाही. आणि पत्रिका झाली म्हणून माझं मागणं संपलं असं समजू नकोस. तू आल्यावर या घरात एकदा माझं नाव घे. पत्रिकेत नाही तर तोंडानं घे.

वहिनी


२० फेब्रुवारी २०२५

आशिष,

जाताना माज्या पाया पडला न्हाईस. बॅगा उचलल्या, दादाला मिठी मारली, माझ्याकडं पाठ. विमानतळावरनं दादाच्या फोनवर निरोप टाकलास, 'वहिनीनं क्लेअरची माफी मागावी.' त्याचं उत्तर हे. आज मी खोडत बसनार न्हाय, जसं तोंडात येतंय तसं लिवते. तुला वाचता यील, तू ह्याच घरातला हायस.

तू म्हंतोस, मी तुज्या लग्नात अपशकुन केला. काय केलं ते आपन दोघं एकदा नीट बघू, कारन तू रागात अर्धंच बघितलंस.

गृहप्रवेश झाला. तांदळाचं ताट मांडलं. तू अंगठीनं 'क्लेअर' लिवलंस. टाळ्या झाल्या, फोटू झालं. मी पेढ्याचा डबा घिऊन हुबी व्हते. लग्नाच्या त्या सगळ्या दिवसांत तू माझं नाव घेशील म्हनून मी वाट बघत व्हते. हळदीला बघितली, अक्षता पडताना बघितली. 'वहिनी, हार कुठंय', 'वहिनी, चहा', एवढंच.

तवा तुजी बायकू म्हनाली, "वैनीचं नाव बी असंच लिवलं व्हतं?"

आत्याबाई म्हनाल्या, "व्हय."

"मग आदी काय व्हतं?"

दादा पंख्याकडं बघाय लागले. मामंजींनी चष्मा पुसला. तिनं वाईट मनानं विचारलं न्हवतं, तिला खरंच म्हायत न्हवतं. सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं, मी बी. एक शब्द बोलायचा व्हता तुला. तू म्हनालास, "क्लेअर, ते नंतर सांगतो."

नंतर. त्या शब्दावर माझा हात उठला. डबा खाली ठेवला, तळव्यानं तांदूळ सपाट केले आनि बोटानं माझं नाव लिवलं. तुज्या बायकूचं नाव खाली गेलं, हे खरं. ते बघून मला बरं वाटलं, हे बी खरं. एका घटकेपुरतं का हुईना, तिच्या जागी मी व्हते.

वैदेहीकाकू "अगं बाई" म्हनाल्या. तू माझं मनगाट धरलंस. "वहिनी, हे काय केलंस, तिचं नाव पुसलंस." इतका लाल झालेला तुला मी कदी बघितला न्हवता. माझं पुसलं तवा तू त्याच ताटापाशी बसला व्हतास, चड्डीत, तोंडाला पेढा. ल्हान व्हतास, तुजा काय दोष. पर आता ल्हान न्हाईस.

तू वळलास आनि खोलीत गेलास. फुडचं तू बघितलं न्हाईस, म्हनून लिवते.

क्लेअर ताटावर वाकली. तिला अक्षरं येत्यात, मीच शिकवल्यात. एकेक बोटानं दावत वाचलं. "मा. या. का."

आत्याबाई तिच्या शेजारी बसल्या. म्हनाल्या, "का न्हाय गं पोरी. क्का. जरा दाबून म्हन. मायाक्का."

ती म्हनाली, "मायाका."

"क्का. मायाक्का." परत म्हनाल्या, परत. शाळंतल्यागत. सगळ्या पाहुण्यांफुडं, मोठ्यानं. मी भिंतीला टेकून ऐकत व्हते. मग त्या माझ्याकडं वळल्या, डोळं पाण्यानं भरल्यालं, आवाज मातुर नेहमीचाच. "मायाक्का, ऊठ, पेढं वाट. पाहुणी ताटकळल्यात."

मी उठले. वाटलं पेढं.

आनि तरी सांगते, तवा बी मी जळाले. इतक्या वर्सांनी माझं नाव ह्या घरात परत आलं, ते बी माझ्यासाठी न्हाय. तिचा उच्चार सुधरायला आलं. मी मागितलं तवा कुनी दिलं न्हाय, तिनं चुकीचं म्हटलं तवा सगळं घर दुरुस्त कराय धावलं.

क्लेअरची माफी मी त्याच सांजेला मागितली, तुज्या निरोपाची वाट बघितली न्हाय. ती भांडी पुसाय आली व्हती. म्हनाली, "ताट मोठं हाय की वैनी. दोन नावं मावली असती." एवढं शानं बोलती म्हनून मला तिचा आनखी राग येतो. पर तिची माफी मी मनापासनं मागितली. तुजी मागनार न्हाय.

आत्याबाई दोन-चार दिवस मायाक्का म्हनाल्या. आता परत प्रियदर्शनी सुरू झालंय, वयानं त्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाय. त्यांच्यावर माझा राग न्हाय. दादा सवयीचा गुलाम. राजूला मजा वाटती, ती दिवसाआड म्हंती. हे नाव ह्या घरात टिकायचं तर कुनीतरी ते रोजच्यासारखं घ्याय पायजे, मागं लागून न्हवं, सहज. मला वाटलं व्हतं ते तू घेशील. अजून वाटतं. म्हनून तर पोस्टात चालले, न्हाईतर तुज्या निरोपावर मी थुकले बी नसते.

हे पत्र पोचलं की फुडच्या ऐतवारी तुजा फोन यील. आईशी बोल, वडलांशी बोल. पर 'वहिनीला दे' म्हनू नगंस. मायाक्काला दे म्हन. तवर मी फोनला हात लावनार न्हाय, वरीस गेलं तरी न्हाय.

आनि ते 'क्का' तुला जमंना झालं तर बायकूला विचार. ती शिकवंल.